‘का’चा रकाना

वाचायच्या पुस्तकांची यादी करण्याइतकं सोपं दुसरं काम नाही. बोलता बोलता कुणी एखादं नाव घेतं, एका पुस्तकाच्या तळटीपेत दुसरं डोकावतं, एखाद्या परीक्षणातलं वाक्य डोक्यात घर करतं, की आपण लगेच ते टिपून ठेवतो. टिपल्याबरोबर बरंही वाटतं, निम्मं पुस्तक वाचून झाल्यासारखं. पुढे ते नाव तिथेच पडून राहतं, त्याच्याखाली आणखी नावं येतात, आणि वर्ष-दीड वर्षाने सवडीने यादी उघडली तर ती आपली वाटतच नाही. कुणी एक अभ्यासू, शिस्तीची, दुपारभर मोकळी असणारी बाई आपल्या अक्षरात लिहून गेली असावी.

माझ्या एका जुन्या वहीत “दीपगृहांवरचं ते जाड पुस्तक” अशी नोंद आहे. निळ्या शाईत. पुढे काळ्या शाईत “नक्की!” आणि त्याखाली दोन रेघा, दुसरी इतक्या जोरात ओढलेली की पानामागे तिचा उठाव बोटाला लागतो. शाई वेगळी आहे, म्हणजे त्या नोंदीपाशी मी निदान दोनदा आले होते, आणि दुसऱ्यांदा आले तेव्हाही ते पुस्तक कशासाठी हवं हे मला पक्कं ठाऊक होतं. आता काही केल्या आठवत नाही. दीपगृहांशी माझा काय संबंध? कुणी सुचवलं? लेखकाचं नाव नाही, प्रकाशन नाही. आणि त्या “ते”मध्ये काय आत्मविश्वास आहे! दीपगृहांवर जगात एकच जाड पुस्तक असावं आणि ते विसरणं मला शक्यच नसावं, असा.

वेळ पुरत नाही ही तक्रार खोटी नाही. नोकरी, घर, कुणाचं तरी आजारपण, मुलांचे अभ्यास आणि या सगळ्यातून उरलेल्या अर्ध्या तासावर फोनचा डोळा. पण यादी तुंबते ती एवढ्यानेच नाही, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. आपण नाव लिहितो, कारण लिहीत नाही. पुस्तक हवंसं वाटण्यामागे काहीतरी घडलेलं असतं. एखादा प्रश्न पडलेला असतो, कुणाशी वाद झालेला असतो, कुणावर छाप पाडायची असते (हेही कारणच, लाजायचं काय). काही महिन्यांत ते विरून जातं. नाव तेवढं शाबूत राहतं, आणि नुसतं नाव खोडायला हात धजत नाही. न जाणो, काही महत्त्वाचं असेल, म्हणून राहू देतो.

आधी हिशेब करून टाकू, म्हणजे उगीच आशा नको. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये वाचनवेगावरचे १९० अभ्यास एकत्र करून तपासले. इंग्रजी मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग माहितीपर मजकुरासाठी मिनिटाला २३८ शब्द निघाला, कथा-कादंबऱ्यांसाठी २६०. त्याआधी सर्रास सांगितला जाणारा तीनशेचा आकडा जरा खुशामतीचाच होता म्हणायचा. मराठीत गणित वेगळं पडतं, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. शब्द लांब, पण मोजायला कमी. तरी अंदाजाला २३८ धरू. ८०,००० शब्दांचं पुस्तक म्हणजे साडेपाच तासांहून थोडं जास्त. रोज २० मिनिटं वाचलं तर १७ दिवस. वर्षाला २१ पुस्तकं. हे एक दिवसही न चुकवणाऱ्याचं झालं. आपलं आपण जाणतो. यादीत मात्र आठवड्याला एकच नाव पडलं तरी वर्षाची ५२ होतात, आणि आठवड्याला एकावर थांबणारं वाचणारं माणूस माझ्या पाहण्यात नाही.

हे आकडे मांडल्यावर मला उलट सुटल्यासारखं वाटलं. यादी संपणार नाहीच असं एकदा ठरलं, तर आपण मागे पडलोय असं म्हणण्यात काय अर्थ? कुणाच्या मागे?

वेग वाढवून देणारे पुष्कळ भेटतात. एव्हलिन वुड या अमेरिकन शिक्षिकेने १९५९ मध्ये झटपट वाचनाचे वर्ग काढले आणि त्यांचा पुढे मोठा व्यवसाय झाला. २०१४च्या सुमारास स्क्रीनवर एकाच जागी एकेक शब्द झळकवणारी ॲप्स आली. डोळा हलवायलाच नको, तेवढा वेळ वाचला, असा त्यांचा दावा. आता, वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत नसतोच. तो उड्या मारत जातो, एकेका जागी साधारण पाव सेकंद टेकतो, आणि अधूनमधून मागेही जातो. हे मागे जाणं म्हणजे वाईट सवय, असं झटपटवाले शिकवतात. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ शॉटर, कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकं तेच बंद करून पाहिलं. वाचून झालेला शब्द झाकून टाकायचा, परत पाहायची सोयच नाही. समजणं लगेच घसरलं. रेनर आणि मंडळींचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावाही हेच सांगतो, की वेग वाढवला की आकलन कमी होतं आणि त्याला पळवाट नाही. भाषेवर पकड असली, विषय ओळखीचा असला, की मात्र वाचन आपसूक झरझर होतं.

यातून मी एवढंच उचललं, की एका विषयावरची पुस्तकं लागोपाठ घ्यायची. पहिलं रखडत जातं. तिसऱ्यापाशी येईतो निम्मी पानं ओळखीची निघतात, नजर टाकून पुढे जाता येतं. पाचव्याची बहुतेक वेळा गरजच उरत नाही आणि एक नाव न वाचता खोडलं जातं. झटपट वाचनाचा माझ्यापुरता तरी हा एकच प्रकार खरा ठरलाय.

या सगळ्यात मला डार्विन फार जवळचा वाटतो. उत्क्रांतीवाला नव्हे, यादीवाला. त्याने १८३८ ते १८६० वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या, त्यात वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी आणि वाचलेल्यांची वेगळी. पोटासाठी नोकरी करायची त्याला गरज नव्हती हे खरं, पण तब्येतीने तो कायमचा बेजार, त्यामुळे दिवसाचे मोजके तासच कामाचे. त्याचा मुलगा फ्रान्सिस याने वडिलांच्या सवयींबद्दल सविस्तर लिहिलंय, १८८७ मध्ये ते छापून आलं, आणि त्यातली पुस्तकांविषयीची पानं मी अधूनमधून काढून वाचते. एका फळीवर न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग, दुसरीवर वाचून झालेल्यांचा. न वाचलेल्या ढिगाकडे बघून डार्विन अक्षरशः कण्हायचा, कारण यातली कितीतरी आपल्या हातून कधीच वाचून व्हायची नाहीत हे त्याला माहीत होतं. आणि मग तो त्यातली पुष्कळशी उचलून सरळ दुसऱ्या ढिगात टाकायचा. खुणा करण्याजोगं काही नसेल तर शेवटी एक शून्य. नाहीतर आत लिहायचा, “वाचलं नाही”, किंवा “नुसतं चाळलं”.

“वाचलं नाही” असं लिहून पुस्तक वाचलेल्यांच्या ढिगात! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. पण हा विनोद नाही, निकाल आहे. त्या पुस्तकाचं काय करायचं हा प्रश्न त्याने मिटवला, आणि कसा मिटवला तेही लपवलं नाही. आपण काय करतो? वर्षानुवर्षं “वाचायचंय” म्हणत राहतो, म्हणजे वाचत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

पुस्तक ही वस्तू म्हणून त्याला फारशी किंमत नव्हती. जाड ग्रंथ हातात धरवत नाही म्हणून तो मधोमध कापून त्याचे दोन भाग करायचा. भूवैज्ञानिक मित्र लायेल याच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती दोन खंडांत निघाली ती आपल्यामुळे, अशी त्याची फुशारकी होती. पहिली कापावी लागली होती हे त्याने लायेलला ऐकवलं होतं ना! छोट्या पुस्तिकांमधली तर नेमकी हवी ती पानं ठेवून बाकीची फाडून टाकायचा. कामाच्या पुस्तकाच्या शेवटी स्वतःपुरती सूची करायची, कुठल्या पानावर आपल्या उपयोगाचं काय आहे ती. झालं पुस्तकाचं काम.

आणि जर्मन! जर्मन त्याला अवघड जायचं, पण वाचल्याशिवाय चालण्यासारखं नव्हतं. आपण जर्मन शिकायला सुरुवात केली असं त्याने एकदा आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याला मोठ्या ऐटीत सांगितलं. हूकर म्हणाला, त्यात काय, मी तर कितीदा सुरुवात केलीय. फ्रान्सिस सांगतो की वडिलांच्या मागून एखादं जर्मन पुस्तक हातात घेतलं, की रोज जिथे थांबले तिथे केलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसायच्या, आणि एका बैठकीत किती थोडं वाचून होत होतं ते पाहून आश्चर्य वाटायचं. पानाच्या कडेला त्या जवळजवळ आलेल्या खुणा मला अगदी दिसतात. दोन परिच्छेद, रेघ. अर्धं पान, रेघ. तरी पुस्तकं पार पडत होती.

कादंबऱ्या तो स्वतः वाचत नसे, ऐकत असे. दुपारी आडवा पडून, घरचं कुणीतरी मोठ्याने वाचतंय. शेवट गोड हवा. दुःखान्त कादंबऱ्यांविरुद्ध कायदा करायला हवा असं त्याचं म्हणणं. म्हणजे प्रत्येक प्रकारच्या वाचनाला दिवसातली जागा ठरलेली होती, आणि प्रत्येक पुस्तक कशासाठी हातात घेतलंय तेही. फक्त एका रकान्यात त्याचं नुकसान झालं आणि ते त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवलंय. तरुणपणी आवडणारी कविता पुढे त्याला सहन होईना. पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायचा आणि थोडं संगीत ऐकायचा नेम करीन, असं तो लिहितो. हे मी विसरत नाही. कामाचंच वाचत राहिलं की बिनकामाचं वाचायची ताकद जाते, हे एरवी पटलं नसतं; पण स्वतःच्या घसरणीची इतक्या थंडपणे नोंद करणाऱ्या माणसाचं ऐकावं लागतं.

आता तुटक वेळेबद्दल. दिवसातून पाच-दहा मिनिटांचे तुकडे आपल्या सगळ्यांनाच मिळतात, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, कुणाची वाट पाहताना, स्वयंपाक होता होता. “त्या तुकड्यांत वाचा” हा सल्ला देणारे एक गोष्ट सांगत नाहीत, की सगळी पुस्तकं तुकडे सोसत नाहीत. पत्रं, रोजनिशा, छोटे निबंध, कविता यांचं काही बिघडत नाही. पण एकावर एक मुद्दा रचत जाणारं पुस्तक दहा मिनिटांत उघडलं, तर त्यातली सात आधीचं आठवण्यात जातात. गोतावळा मोठा असलेल्या कादंबरीचं तेच. मंगळवारी ठेवलेली कादंबरी शनिवारी घ्यावी आणि या माणसाचा त्या बाईशी संबंध काय हे शोधायला चाळीस पानं मागे जावं. कितीतरी कादंबऱ्या कंटाळ्याने सुटत नाहीत, या मागे जाण्याने सुटतात.

यावर मी एक साधा उपाय करते. खूण म्हणून पुस्तकात कागदाची लांब पट्टी ठेवते आणि पुस्तक मिटताना तिच्यावर एक ओळ लिहिते. सध्या उशाशी असलेल्या कादंबरीतल्या पट्टीवर असं काय काय आहे: “थोरल्याला पत्र आलंय, अजून फोडलेलं नाही.” “डॉक्टर खोटं बोलतोय, पण का?” “पत्र फोडलं. पैशांचं नाही निघालं!” “डॉक्टर बिचारा चांगला निघाला.” त्याच्याखाली पेन उमटत नव्हतं म्हणून नुसत्याच गिरवलेल्या रेघा. ओळ लिहायला अर्धं मिनिट लागत नाही आणि पुढच्या वेळी आत शिरायला तेवढीच पुरते. सारांश लिहायचा नाही, मला कशाची उत्सुकता आहे ते लिहायचं. पुस्तक संपलं की पट्टी आतच राहू देते.

ऐकायच्या पुस्तकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. भांडी घासताना चरित्रं छान ऐकू येतात. पंधरा मिनिटांत पुस्तकाचं सार सांगणाऱ्यांबद्दल मात्र आहे. सार ज्याचं पंधरा मिनिटांत निघतं, ते पुस्तक मुळात लेख असायला हवं होतं. “मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी अमुक इतकी पुस्तकं” या मथळ्याची तर मला चीडच येते. मरणाचा धाक घालून वाचायला लावणार? वर्षाला इतकी पुस्तकं वाचीन असा संकल्प करणाऱ्यांचं डिसेंबरात काय होतं तेही पाहिलंय. बारीक बारीक पुस्तकांना अचानक भाव येतो.

सोडून देण्याची गोष्ट सगळ्यात अवघड. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा एक नियम आहे, की पुस्तकाला ५० पानं द्या, नाही रमलात तर सोडा. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी सवलत अशी, की १०० मधून आपलं वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. सत्तरीच्या माणसाने तीस पानांत निकाल लावावा. शंभरी गाठली की नुसतं मुखपृष्ठ पाहून नाकारायची मुभा. नियम गमतीचा आहे, पण वय वाढेल तसा पुस्तकाने आपला कमी वेळ मागावा, हे त्यातलं मर्म मला फार आवडतं.

तरीही सोडलेल्या पुस्तकाबद्दल अपराधी वाटतंच. त्यावर मला उतारा सापडला तो रंगनाथन यांच्याकडे. शियाली रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा. वेळेचं रडगाणं गाणाऱ्या माझ्यासारखीला तो आधी दिसला यात नवल नाही. पण कामी आला तो तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा दुसरा. त्याचीच उलटी बाजू. म्हणजे दीपगृहांवरच्या पुस्तकालाही वाचक आहे. तो मीच असायला हवं असं कुणी म्हटलेलं नाही. मी ते खोडलं म्हणून त्याचा अपमान होत नाही, मी फक्त त्याच्या वाटेतून बाजूला होते.

लेख साठवून ठेवायचं ‘पॉकेट’ हे ॲप बऱ्याच जणांनी वापरलं असेल. २००७ मध्ये ते ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालं आणि ८ जुलै २०२५ रोजी बंद झालं. बंद करण्याआधी आपापली यादी उतरवून घ्यायची सोय दिली होती. मीही घेतली. फाइल उघडली तर शीर्षक, पत्ता, साठवल्याची वेळ, टॅग, वाचलं की नाही, असे रकाने. साठवल्याची वेळ सेकंदापर्यंत अचूक. एका रात्री मी लागोपाठ झोपेवरचे लेख साठवले होते, तेवढ्यावरून त्या रात्री झोप येत नव्हती असा तर्क करता आला. बाकी सगळ्या नोंदी दीपगृहासारख्याच मुक्या. वही असो नाहीतर ॲप, ‘का’ला जागा कुठेच नव्हती.

आता माझ्या यादीत तो रकाना आहे. पुस्तकाचं नाव, आणि शेजारी एका ओळीत ते का हवंय. एवढंच, महत्त्व, क्रमांक, तारे काही नाही. उदाहरणार्थ, मधमाश्यांवरच्या एका पुस्तकापुढे “नाचून दिशा सांगतात म्हणजे नेमकं काय करतात?” असं होतं. पुढे एका चांगल्या लेखात ते नीट कळलं. पोळ्यावरच्या नाचाचा उभ्या रेषेशी असलेला कोन म्हणजे सूर्याच्या संदर्भात फुलांची दिशा, आणि अंग हलवत सरळ जाण्याचा वेळ म्हणजे अंतर. प्रश्न मिटला, पुस्तक खोडलं. एका अर्थशास्त्राच्या ग्रंथापुढे “भावाशी वादात हरले” असं लिहिलंय. भाऊ आता वेगळ्याच विषयावर वाद घालतो, तेव्हा तेही गेलं. आणि एका लठ्ठ कादंबरीपुढे लिहिलंय, “बाबांच्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, कुठे कुठे ते बघायचं.” हे काही कालबाह्य व्हायचं नाही. ती वरच राहते, आणि निवांत सुट्टी मिळाली की पहिली तीच घ्यायची हे विचार न करता ठरलेलं असतं. दर काही महिन्यांनी मी यादी वरपासून वाचते, पण नावांवर बोट न ठेवता कारणांवर ठेवून. जे वाचून “बरं, मग?” असं वाटतं, ते जातं. पुढे “वाचलं नाही” लिहून.

हे सगळं एका मैत्रिणीला सांगितलं तर ती वैतागली. तिची यादी म्हणजे चिठ्ठ्या, फोनमधले फोटो आणि पुस्तकांच्या पाठकोऱ्या पानांवरची टिपणं. तिचं म्हणणं, पुस्तकाला आधी कारण विचारायचं म्हणजे अर्ज भरून घेतल्यासारखं झालं. सगळ्यात चांगली पुस्तकं तिला काहीही कारण नसताना, दुसरंच काही शोधताना सापडलीत. शिवाय वाचण्याआधी कारण काय ते कसं कळणार? ते तर वाचून झाल्यावर कळतं. यातला पहिला मुद्दा मला मान्य नाही. दुसऱ्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. काही पुस्तकांच्या बाबतीत तिचंच खरं आहे, आणि डार्विनची कविता बहुधा अशीच कारण नसलेल्या रकान्यात होती म्हणून गेली. तेव्हा तिच्यामुळे मी एक सवलत ठेवली, की “नाव आवडलं” किंवा “माहीत नाही” हेही कारण म्हणून चालेल. परवा यादी वाचताना असं दिसलं की सरळ वाचून झालेल्यांत त्या दोन कारणांची पुस्तकंच जास्त आहेत. हे तिला अजून सांगितलेलं नाही.